स्वभावाचा रकाना

हसू नका रे, त्या दिवशी माझं काम सुटायचीच पाळी आली होती.

उदगीरच्या शकुंतलाकाकूंच्या वधूवर केंद्राची वेबसाइट मीच सांभाळतो. काकूंचा फोन आला, "बाबा, उंची, शिक्षण लई झालं. पोरांच्या माहितीत स्वभावाचाबी रकाना टाक."

मी वेबसाइटची पानं बनवायचा पेज बिल्डर उघडला, 'स्वभाव' असा नवा रकाना जोडला आणि नीट दिसतंय का बघायला त्यात 'तिरसट' लिहिलं. पण ते एका पोराच्या पानावर लिहायचं सोडून ज्यावरून सगळ्यांची पानं बनतात त्या साच्यातच लिहून बसलो, आणि तसंच सेव्ह केलं. झालं! केंद्राकडची साठच्या साठ उपवर पोरं एका झटक्यात तिरसट.

दुसऱ्या दिवशी काकू फोनवर कडाडल्या, "काय करून ठेवलंस? सकाळपासून पोरांच्या आयांचे फोन येऊन राहिलेत!"

मी घाईघाईनं साइट उघडून बघितली. म्हणलं, "काकू, लई शिव्या दिल्या का हो?"

"शिव्या कशाच्या?" काकू म्हणाल्या. "सगळ्या एकच इचारून राहिल्यात, आमच्या घरातलं तुम्हाला कुणी सांगितलं?"