हेटीच्या विहिरीपर्यंत टोकन पुरेना

मला वाटलं होतं, यंत्राशी बोलणं म्हणजे किती निर्मळ गोष्ट असेल! ना साहेब, ना शिपाई, ना 'उद्या या'... पाच वर्षं मँचेस्टरला शिकताना मी हेच स्वप्न बघितलं हो, की नागपुरात बसून माझा प्रोग्रॅम कचेरीतल्या मोठ्या यंत्राला गावागावाच्या विहिरींबद्दल विचारील, पाणी किती, पाणी किती, आणि कोरडी सापडली की तिकडे टँकर निघेल. आणि इथे काय? तुम्हाला सांगते, यंत्र दर विहिरीमागे आधी मलाच विचारतं, 'आपण कोण?'

आपण कोण म्हणजे, टोकन दाखवा! बँकेत पितळेचं मिळतं ना, तसंच, फक्त हा आठ आकडी नंबर. प्रोग्रॅमने प्रत्येक प्रश्नाबरोबर तो धाडायचा, तेव्हा कुठे यंत्र ओळख दाखवतं. बरं, ते टोकन जगतं किती? एक तास! आणि माझ्या एकशे चाळीस विहिरींना लागतो सव्वा तास! गावं लावलेली अकारविल्हे. अ पासून निघाले, क गेला, प गेला, मी आपली पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत तरंगतेय, जणू एकेका विहिरीत चांदणं उतरतंय... आणि स आला की ठप्प. 'आपण कोण?' अरे, मघापासून एकशे बारा वेळा सांगितलं ना!

टोकन देणारे देवाजी खालच्या खोलीत, यंत्राची किल्ली कमरेला, वहीत सही घेतल्याशिवाय नंबर नाही. तिसऱ्यांदा गेले तर म्हणाले, ''आता तं नेलं वं पोरी! खाऊन राहिली काय टोकन?''

''संपलं हो, देवाजी. यंत्र ओळखत नाही.''

''काहून नाही वळखत? म्या तं वळखतो तुले!''

सही करून नवीन नंबर घेतला. त्यात माझा प्रोग्रॅम असा मानी, मध्ये अडला की पुन्हा अ पासून! मीच तसा लिहिला, अर्धवट उत्तर नकोच म्हणून. पाच वाजले, देवाजींनी कुलूप लावलं, सायकलवर टांग टाकली. टँकरची यादी दुसऱ्या दिवशी बाराला साहेबांकडे जाणार, आणि सावनेरकडच्या अठ्ठावीस विहिरी तिच्यात नाहीतच! का? तर त्यांची नावं स आणि ह ची!

संध्याकाळी गच्चीवर बसले, चहा निवून गेला. डोळ्यांसमोर हेटी, यादीतलं शेवटचं गाव, काठावर रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका... आणि त्याही हसून विचारतायत, 'तू कोन वं?' 

सकाळी दहाला देवाजींच्या खोलीपाशी उभी राहिले आणि ठरवून टाकलं. प्रोग्रॅममध्ये नवीन ओळ: टोकन संपायला आलं की जिथे आहेस तिथे थांब, पडद्यावर देवाजींना हाक मार, नवीन नंबर घे, पुढे चल. देवाजींना वाचून दाखवली. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, ''बराबर हाये. पन नुसतं देवाजी नोको म्हनू वं, काका म्हन.''

माणसाचा हात लागू नये म्हणून लिहिलेला माझा प्रोग्रॅम... घातलं, 'काका'ही घातलं!