घरी विचारून येतो

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघे म्हातारे बोलत होते.

"तुम्ही कोपऱ्यावरचे बूटवाले ना? दुकान बंद केलंत आणि रस्त्याची रयाच गेली हो."

"असं?"

"तर काय! तुमच्यासारखं पाय हातात घेऊन माप कोण घेतं आता?"

"तुमचं घेतलं होतं की गेल्या वर्षी. चार-पाच जोड घालून बघितलेत. तपकिरी आवडला, त्याचा फोटोही काढलात."

"घरी दाखवायला काढला होता."

"हो, घरी विचारून येतो म्हणालात. हेच का ते, पायातले?"

"हे... मुलाने फोनवरून मागवले. जरा स्वस्त पडले."

"छान बसलेत. माप बरोबर होतं म्हणायचं."

"पण तुम्ही दुकान बंद करायला नको होतं."

"बरं, काय म्हणाले मग घरचे?"