तेरवीनंतर बसायला येणारे वानखडे सर

विमलवहिनी, नितीन, सरांचे जुने विद्यार्थी आणि आपल्या कॉलनीतले सगळे जण.

माईक जरा खाली घ्या रे कोणी. मी गावंडे. वानखडे सरांबरोबर अंजनगावच्या शाळेत मी गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथं अमरावतीत त्यांच्याच शेजारी घर बांधलं. आयुष्यभर वर्गात ओरडलो, माईकची सवय नाही. मी बोलायला उभा राहिलो की सर पहिल्या रांगेत बसून हळूच घड्याळ दाखवायचे. आज तेच नाहीत. मग मला थांबवणार कोण? अडखळलो, लांबलो, तर सांभाळून घ्या.

सर मराठी शिकवायचे. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यात एक अर्धी भिंत. माझी पोरं गणित सोडवायची आणि कान पलीकडं लावायची. खरं म्हणजे माझेही कान तिकडंच. एकदा सरांनी विचारलं, "बसणे. या क्रियापदासाठी आणखी शब्द सांगा." एक हुशार मुलगी म्हणाली, आसनस्थ होणे. दुसरी म्हणाली, विराजमान होणे. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माहा बाप वावरातून येते ना, थो विराजमान नाई होत. थो बूड टेकते!"

त्यांचा वर्ग हसला, माझाही हसला. सरांनी तो शब्द सरळ फळ्यावर लिहिला. आणि नेमके हेडमास्तर आले. "वानखडे, हे काय लिहून ठेवलं?" सर शांतपणे म्हणाले, "साहेब, घरी गेल्यावर तुमी काय टेकता?"

आठवतंय ना? तुमच्यातले काही त्या वर्गात होते. हसा, हसा. सरांच्या सभेत हसलेलं चालते.

हेडमास्तर गेल्यावर सर समजावून सांगायला लागले. गणपती विराजमान होतो. अध्यक्ष स्थानापन्न होतात. काम झाल्याशिवाय जो हलत नाही तो ठाण मांडून बसतो. उकिडवा बसतो त्याचं अर्धं मन दाराकडं. दिवसभराचं काम उरकल्यावर माय बसते ती फतकल मारून. "शब्द बदलला की माणूस बदलते, पोट्टेहो." मग त्यांनीच विचारलं, "अन् मौतीच्या घरी?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सर म्हणाले, "तिथं माणूस नुसता बसते. तिथं दुसरा शब्द चालत नाई."

मी गणिताचा माणूस. तेव्हा मला ते वर्गात बोलायचं एक वाक्य वाटलं होतं.

मग माझी बायको मंगला गेली. तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं, तुम्ही सगळे आला होता. सतरंज्या कमी पडल्या. तेरवीचं जेवण झालं, भाड्याची भांडी परत गेली, पोरगी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात इतकी शांतता, की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकत होतो. आणि दार वाजलं. दारात सर. हातात तुरीच्या शेंगांची थैली.

"कावून आले सर? काही काम होतं का?"

"नाई. बसाले आलो."

"अहो, तेरवी झाली कालच."

"म्हणून तं आलो. आतापर्यंत तुमच्या घरी बसाले जागा होती का?"

बसले. शेंगा सोलायला लागले. मीही लागलो. मला वाटलं आता समजूत काढतील, आत्मा अमर असतो वगैरे सांगतील. काही नाही. शेंगांतून वाटीभर सोले निघाले, म्हणाले, "वांग्यात टाकजा." आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी मीच वैतागलो. म्हटलं, "सर, बोला तरी काही!" तर म्हणतात, "तुमी बोला. मी बसून आहो ना."

आणि मी बोललो. मंगलाबद्दल बोललो, आणि त्या टरफलांच्या ढिगाजवळ पहिल्यांदा पोटभर रडलो. वहिनी, त्या शेंगा रोज तुम्ही भरून देत होतात. हे मी कधी तुमच्याजवळ बोललो नाही, आज बोलतो. तुम्हा दोघांनी मला जगवलं.

तुमच्यातल्या किती जणांच्या घरी सर असे तेरवीनंतर येऊन बसले? माना हलताना दिसतात मला.

आता सरांचा नितीन. बेटा, चारचौघांत बोलतो, राग धरू नको. काल हा माझ्याकडं आला. "काका, आईले पुण्याले नेतो. थे नाई म्हणून राहिली. तुमी समजावा." मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मले याच घरात राहाचं आहे. तिथं पोरगा-सून दोघंबी नोकरीवर जातात. मी बाल्कनीत बसून काय करू?" मी तसं याला सांगितलं. तर हा म्हणाला, "अन् इथं थे काय करन? तेरवीनंतर इथं कोण येते काका? बसाले येणारा माणूस तं गेला."

काय चुकलं पोराचं? त्याची भीती खरी आहे. परवा तेरवी. ती झाली की तो आईला गाडीत बसवणार, घराला कुलूप लागणार. आणि वहिनी जातील, कारण पोराला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

म्हणून मी आज उभा आहे. तेरवीला या, जेवा. पण तेरवीनंतरही या. सांत्वन आणू नका, निवडायला मेथी आणा, सोलायला शेंगा आणा. वहिनी बोलल्या तर ऐका. नाही बोलल्या तर भाजी निवडा. पहिल्या दिवशी मी येतो. दुसऱ्या दिवशी कोण येईल?

हो काकू, दिसला तुमचा हात. इंगळेभाऊ, तुमचाही. अरे, मागचे पण? पुरे, पुरे, खाली घ्या... नाही, थांबा. राहू द्या तसेच. नितीन, जरा मांगं वळून पाय बेटा, किती हात वर आहेत.

आता काही बोलू नको. आधी आईजवळ जाऊन बस.

शोकसभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. आज कोणी उठू नका. आहात तिथंच, बसल्या बसल्या शांत राहू या.

सर, तुम्ही निघा आता. आम्ही बसतो.