मयताचा थट्टेकरी

सेचेलेला : चपला काढू नकोस, पोरी. अंगणात काटे आहेत. आणि एवढं रडून आली आहेस, तर आधी पाणी पी.

कालुंदे : पाणी नको, आजी. आजोबा घरात आहेत का?

सेचेलेला : कोण आजोबा?

कालुंदे : तुमचे... म्हणजे, काल आमच्या मयताच्या मांडवात जे आले होते ना, ते.

सेचेलेला : अच्छा, तुझ्या हापिसच्या ड्रायव्हरनं दंडाला धरून बाहेर काढले, ते? आहेत की. बाजरीच्या कणगीमागं बसलेत.

न्दाहानी : मी घरात नाही.

सेचेलेला : ऐकलंस? नाहीत म्हणे.

कालुंदे : आजोबा, मी भिंतीपलीकडची कालुंदे. न्यांझालाची मुलगी. माफी मागायला आलेय. आईला आज दुपारी माती द्यायचीय, आणि तुम्ही आल्याशिवाय काहीच होणार नाहीये.

न्दाहानी : सेचे, तिला सांग, न्दाहानी वारला. त्याचीही माती आजच आहे.

सेचेलेला : मेलेला माणूस एवढं बोलत नाही. गप्प बसा जरा. तू बैस, पोरी, त्या उखळावर बैस. कुणी पाठवलं तुला?

कालुंदे : मामानं. सकाळच्या बसनं ताबोराहून आला. मांडवात पाय ठेवल्याबरोबर त्यानं पहिलं काय विचारावं? आई कशी गेली, ते नाही. म्हणाला, "इथला गोगो कोण येऊन गेला?" मी म्हटलं, "एक वेडा म्हातारा आला होता. सरळ आईच्या खुर्चीत बसला, तिच्या चपला पायात घातल्या आणि ओरडायला लागला, बरं झालं हमालीण मेली, रस्ता मोकळा झाला! आम्ही हाकलून दिलं त्याला." मामा मटकन खालीच बसला.

सेचेलेला : बसणारच.

कालुंदे : म्हणाला, "थट्टेकऱ्याला हाकललंस? आपल्या न्यामवेझी जमातीच्या मयताला गोगो जमातीचा माणूस चालून आला, आणि तू त्याला हाकललंस? तो परत येईपर्यंत मी शवपेटीला हात लावणार नाही." हापिसातली माणसं आलीत, गाडी दारात उभी आहे, आणि मामा जमिनीवर मांडी ठोकून बसलाय. आजी, मला खरंच माहीत नव्हतं हो. मी दार-एस-सलामला वाढले. थट्टेचं नातं म्हणून ऐकलं होतं, पण मला वाटायचं ते लग्नात चेष्टा करण्यापुरतं असतं. मयताच्या घरी कुणी असं...

सेचेलेला : मयताच्या घरीच तर त्याचं खरं काम. तुझे पणजोबा हस्तिदंताची ओझी डोक्यावर घेऊन समुद्राकडं जायचे. वाटेत आमचा, गोगोंचा मुलूख. पाऊस नाही, नदी नाही, फक्त आमच्या विहिरी. आमचे म्हातारे विहिरीवर बसून पाण्याचा कर मागायचे. तुमचे शिव्या द्यायचे, आमचे उलट द्यायचे. भांडून भांडून दमले, तेव्हा हसायला लागले. तेव्हापासून एकमेकांना काहीही बोलावं, घरात शिरून काहीही उचलावं, पण राग धरायचा नाही. आणि मरणाला मात्र यायचंच. घरच्यांना रडण्यातून कुणीतरी ओढून काढायला नको?

कालुंदे : आणि मी त्यांना पोलिसांची भीती घातली.

न्दाहानी : पोलिसांची नाही. "पोलिसांना बोलावीन, आणि तुमच्या पोरांनाही कळवीन," असं म्हणाली. पोरांची भीती जास्त वाटली.

सेचेलेला : बोललात? मग या बाहेर.

न्दाहानी : नाही. मी फक्त चूक दुरुस्त केली.

कालुंदे : आजोबा, तुम्हाला राग येणं बरोबरच आहे. पण आईची तुमची ओळख होती का? मी तर तुम्हाला...

सेचेलेला : तू ओळखणार कशी? तू अंधारात जातेस आणि अंधारात येतेस. पोरी, हे आहे ना, तुझं घर, तो पंप, ती दोनमजली शाळा, तिथं सगळीकडं आमची बाजरी होती. मग मोजणीवाले आले. चार प्लॉट त्यांचे, एक आमचा, असं करत शेत गेलं. मग सरकारनं सगळी खाती दार-एस-सलामहून इथं डोडोमात आणली, आणि माणसं नुसती उतरतच राहिली. सकाळी उठावं तर समोर नवं छप्पर. मी बाहेर पडले तर लोक मलाच विचारायचे, "आजी, कुणाकडं जायचंय? वाट चुकलात का?"

कालुंदे : अगं बाई.

सेचेलेला : ह्यांची तर जुनी सवय. दिसेल त्याला थांबवायचं, "कुठले तुम्ही, कुणाचे?" म्हणून विचारायचं. लोक काय करायचे? हातावर नाणं ठेवून पुढं जायचे. गोगो म्हणजे हात पसरणारा, असंच सगळ्यांच्या डोक्यात.

कालुंदे : मी... आजी, मीही ठेवलं होतं एकदा. आमच्या फाटकापाशी.

न्दाहानी : नाणं नव्हतं. नोट होती. उगीच स्वतःला कमी लेखू नकोस.

सेचेलेला : मग तू तुझ्या आईला आणलंस. ह्यांनी कुंपणावरून विचारलं, "कुठली गं तू?" ती म्हणाली, "ताबोराची न्यामवेझी. आणि तू?" हे म्हणाले, "गोगो." ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे देवा, एवढा प्रवास करून आले, आणि शेजार मिळाला तो पाणीचोराचा!" त्या रात्री हा माणूस दोन घास जास्त जेवला. म्हणाला, "सेचे, इतक्या वर्षांत या वस्तीत पहिल्यांदा कुणीतरी मला शिवी दिली."

कालुंदे : पाणीचोर... थांबा, थांबा. म्हणजे तो "चोर" म्हणजे हे?

सेचेलेला : कोणता चोर?

कालुंदे : आई रोज संध्याकाळी सांगायची. आज चोरानं माझी रताळी नेली. आज चोर माझ्या खुर्चीत झोपून गेला. मला वाटलं, नवी वस्ती आहे, कोण कुठून येतंय कुणाला ठाऊक. मी कर्ज काढून भिंत वाढवली, आजी! वर काचा लावून घेतल्या!

न्दाहानी : त्या काचांनी माझा सदरा फाटला.

सेचेलेला : आणि तुझ्या आईनं गवंड्याला गुपचूप पटवून मागच्या बाजूला दोन विटा सोडायला लावल्या. त्यातून तुमची वाळवलेली रताळी इकडं आणि आमची पाल्याची बुळबुळीत भाजी तिकडं. शिव्यांना काय, त्या भिंतीवरूनही जायच्या. मी इथं धान्य कांडत बसायचे आणि हसून हसून माझं मुसळ थांबायचं.

कालुंदे : मला वाटायचं, ती दिवसभर टीव्ही बघते. घरी आले की चेहरा असा टवटवीत असायचा. परवापासून माझं मन मला खातंय. वाटतंय, तिला ताबोराहून तिच्या माणसांतून उचलून मी इथं सिमेंटमध्ये आणून ठेवलं, आणि ती एकटीच मेली. आणि इकडं तुम्ही दोघं... आजी, तुमचे उपकार मी कसे फेडू हो?

सेचेलेला : उपकार कसले. तिनंही आमच्यावर केलेच की.

न्दाहानी : तिनं तुला माझं नाव कधी सांगितलं नाही?

कालुंदे : नाही, आजोबा. एकदाही नाही. चोरच म्हणायची. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा म्हणाली, "चोराला सांग, आज भांडायला येत नाही, जरा पडते."

सेचेलेला : मग सांगितलं का नाहीस?

कालुंदे : मी कुणाला सांगणार? मला वाटलं, तापात बरळतेय.

(न्दाहानी कणगीमागून बाहेर येतो. डोळे लाल आहेत.)

न्दाहानी : निरोप पोचला.

कालुंदे : आजोबा, पाया पडते. राग सोडा. चला माझ्याबरोबर.

न्दाहानी : राग कुठाय? थट्टेकऱ्याला राग धरायची मुभाच नाही. तुला काय वाटलं, मी रुसून बसलोय? ऐक. काल मी तिच्या खुर्चीत बसलो. चपला घातल्या. पहिली शिवी दिली, दणदणीत. आणि सवयीनं थांबलो.

सेचेलेला : कशाला थांबलात?

न्दाहानी : ती उलट बोलेल म्हणून.

सेचेलेला : हं.

न्दाहानी : दाराकडं बघत राहिलो. तेवढ्यात ही पोर किंचाळली आणि त्या ड्रायव्हरनं मला उचललं. भला माणूस. त्याला माझा सलाम सांग. आणखी एक श्वास तिथं थांबलो असतो, तर सगळ्या न्यामवेझींसमोर रडलो असतो. थट्टेकऱ्यानं मयताला रडायचं नसतं, पोरी. घरचे रडतात, आम्ही खोड्या काढतो. आज मला खड्ड्यात उतरून आडवं पडावं लागेल. ओरडावं लागेल की जमीन गोगोंची आहे, हिला डोक्यावर घेऊन परत ताबोराला न्या. आणि तिथं मला रडू फुटलं तर? म्हातारपणी ही शोभा?

कालुंदे : म्हणून लपलात?

न्दाहानी : म्हणून मेलो. शेत गेलं तेव्हा मी या शहराला रोज शिव्या घालायचो. पण डांबराला शिव्या घालून काय होतं, ते उलट बोलत नाही. मग शहरानं ही बाई आणली. एवढी माणसं आली म्हणून ती आली. थोडी आली असती, तर त्यात ती नसती. आता मी कुणालाही नावं ठेवत नाही. या म्हाताऱ्याला फार मिळालं. फक्त आज मला तिथं नेऊ नका.

सेचेलेला : पोरी, असं गोड बोलून हे हलायचे नाहीत. शिवी दे.

कालुंदे : काय?

सेचेलेला : तू कोणाची? न्यामवेझीची. मग दे की. तुझा हक्क आहे.

कालुंदे : आजोबा... तुम्ही... तुम्ही फार हट्टी आहात.

सेचेलेला : ही शिवी झाली? हे तर खात्याचं पत्र झालं. सही-शिक्का कुठाय?

कालुंदे : मला नाही जमत हो, आजी. मोठ्या माणसाला कसं...

न्दाहानी : राहू दे तिला. आई गेलीय तिची. मला विचारू दे एक. पोरी, तू तिला चांगलं ओळखतेस. मी तिथं खड्ड्याच्या काठाशी रडलो, आणि ती वरून बघत असली, तर ती काय म्हणेल?

कालुंदे : काय म्हणेल... ती कंबरेवर हात ठेवेल. आणि म्हणेल, "बघा रे, बघा! गोगोला मागायची एवढी खोड, की मेलेल्या बाईसमोरसुद्धा टिपं गाळून हात पसरतोय. कुणीतरी याला एक रताळं द्या आणि घरी पाठवा!"

सेचेलेला : अरे बापरे!

न्दाहानी : काय म्हणालीस? परत म्हण.

कालुंदे : चुकलं का? माफ करा, आजोबा, मी...

न्दाहानी : माफी मागितलीस तर बघ! सेचे, ऐकलंस? एक रताळं म्हणे! एक! हिची आई निदान टोपलीभर द्यायची. काय कंजूष पोर काढलीय त्या हमालिणीनं!

सेचेलेला : हसता काय, सदरा घाला आधी.

न्दाहानी : फाटका दे. नवा मातीत कोण घालवणार. आणि तू, हमालाची पोर, खांद्यावरचं ते कापड काढ. जप्त झालं. तुझा मामा पैसे मोजून सोडवायला येईपर्यंत मी ते नेसून फिरणार. तुझ्या त्या साहेबलोकांसमोर.

कालुंदे : घ्या, आजोबा. हे घ्या. तुम्ही येताय, यापेक्षा मला काही नको. मामा बघेल, तर उडीच मारेल.

न्दाहानी : मारू दे. सांग त्याला, विहिरीवाला येतोय, कर तयार ठेव. मी पुढं होतो. तुमची गाडी नको, मी बोंबलत जाणार. साऱ्या नव्या वस्तीला कळू दे, न्यांझालाच्या मयताला तिचा गोगो आलाय म्हणून.

सेचेलेला : गेले एकदाचे. बघ कसे ताठ चाललेत. थांब, पोरी, तुझे डोळे पूस. हे घे, माझं कापड खांद्यावर घे.

कालुंदे : आजी, पण खड्ड्यापाशी त्यांना खरंच रडू फुटलं तर?

सेचेलेला : तू काठाशी त्यांच्या जवळ उभी राहा. तुला कुणी नावं ठेवणार नाही. तुझ्या वाटचं रड, आणि थोडं ह्यांच्या वाटचंही रडून घे.