गंगाजलाचा बर्फ

पुढच्या मुलीच्या हातातल्या थर्मासवर बाहेरून पाण्याचा एक थेंबही जमलेला नव्हता. काशीच्या शिंदे घाटावर नावेच्या रांगेत उभ्या इरावतीनं ते पाहिलं आणि ती मुलगी सोबतच्या वयस्कर गृहस्थांशी बोलू लागताच तिचे कान टवकारले.

“काका, आपल्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर बर्फात तीन वर्षं शून्याच्या किंचित खाली का दाखवायचा, ते कळलं.”

“तू घाईनं वाचतेस, देवश्री. म्हणून तर तपासणीच्या दाखल्यांवर सही मीच करतो.”

“बर्फ तुम्ही गंगाजलाचा लावायचात!”

“मग? त्याहून शुद्ध काय असतं?”

“पूजेला शुद्धच. पण त्यात क्षार असतात, ते गोठणबिंदू खाली ओढतात. आज डिस्टिल्ड पाण्याचा लावला. हा बघा, उरलेला थर्मासात आणलाय.”

“आणि?”

“पाचही वेळा बरोब्बर शून्य.”

“अरे वाह, बिटिया! गंगामैयालाही नापास केलंस! उद्यापासून दाखल्यांवर सही तुझी.”