फाटक्या कागदाची कड

(फोटो स्टुडिओची मागची खोली. थोरली बहीण संगणकापुढे बसलेली, धाकटी दारात.)

थोरली : ये, बस. तुझीच फाइल उघडून बसलेय.

धाकटी : माझी? ताई, ती तर मी छापखान्यात दिली होती.

थोरली : छापखान्यातल्या काकांचा सकाळी फोन आला. म्हणाले, आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याची पत्रिका आलीय, फोटोच्या कडा तुमच्याच हातच्या दिसतात, पण लेयर एकत्र करायचे राहिलेत. तेवढे करून पाठवा. बिचाऱ्यांना वाटलं, काम माझंच आहे.

धाकटी : अगं बाई! घाईघाईत तशीच गेली वाटतं. सरक, मी करते.

थोरली : थांब की, आधी कौतुक तर करू दे. कडा सुरेख झाल्यात. कागद कुठला घेतलास?

धाकटी : तूच नाही का, हातकागद फाडून स्कॅन करून दिला होतास? तोच.

थोरली : आणि त्याचा मास्क करून कडेबाहेरचा फोटो झाकलास. वरून फिल्टर लावून कड खरबरीत केलीस. छान. डावीकडे बोटभर, वर बोटभर, खाली बोटभर. मग उजवीकडेच कागद एवढा आतपर्यंत कसा काय फाटला?

धाकटी : अगं, डिझाइन आहे ते. तूच म्हणतेस ना, चारी कडा सारख्या केल्या की फोटो साबणाच्या वडीसारखा दिसतो.

थोरली : म्हणते खरी. म्हणून तर आधी खूश झाले. मग शिफ्ट दाबून मास्कवर टिचकी मारली. मास्क बंद झाला आणि उजवीकडे मी उभी! निळ्या ड्रेसात, बाबांच्या खुर्चीमागे, बत्तीशी दाखवत.

धाकटी : ताई, ऐक ना.

थोरली : ऐकतेच आहे. सकाळपासून दुसरं काय करतेय?

धाकटी : लेकीचं जमत आलंय गं. ती माणसं जुन्या वळणाची. फोटोत तू दिसलीस की विचारणार, ही कोण, हिचे यजमान कुठे असतात. तू नवऱ्याला सोडून आलीस हे मी कुठल्या तोंडानं सांगू? एकदा ठरू दे, मग सांगूच की.

थोरली : याच खुर्चीत बसवून शिकवलं होतं तुला. नोकरी गेली म्हणून रडत आली होतीस. काळ्या ब्रशनं झाकतं, पांढऱ्यानं उघडतं. पुसायचं कधीच नाही, नुसतं झाकायचं, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. पहिला हात माझ्यावरच साफ केलास.

धाकटी : पण पुसलं नाहीच ना मी तुला!

थोरली : उपकार झाले तुझे. आणि कार्यक्रमाला मी कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं, तेही ठरवलं असेल तुम्ही.

धाकटी : तू ना... संध्याकाळी ये. ती माणसं दुपारी जेवून जातील. आई म्हणाली, नंतर आपण घरचेच निवांत बसू.

थोरली : आईसुद्धा?

धाकटी : आधी आईच म्हणाली. मी नको नको म्हणत होते, शप्पथ!

थोरली : फार लागलंय गं मला हे. तुमच्यात येऊन जेवत होते, हसत होते, आणि तुम्ही आतल्या आत मला वजा करून मोकळ्या. आईचं एक वेळ समजू शकते. चार लोक काय म्हणतील, यातच तिचा जन्म गेला. पण बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

धाकटी : बाबांना...

थोरली : त्या घरातून निघाले तेव्हा बॅग उचलायला एकटे बाबा आले होते. जिन्यात म्हणाले, मान वर करून चल. दोन वर्षं त्या एका वाक्यावर काढलीत मी. हे बघितलं तर हाय खातील ते.

धाकटी : ताई, मी काय म्हणते...

थोरली : काही म्हणू नकोस. पत्रिका छापायचीय ना? नीट करून देते. माझ्या कडा म्हणून गेलीय, तर अर्धवट नको. हे बघ, मोठं करून तपासायचं असतं, किती वेळा कानीकपाळी ओरडले. बाबांच्या खांद्यावर माझी चार बोटं तशीच राहिलीत. काळा ब्रश घेते.

धाकटी : नको ना. ती चुकून नाही राहिलेली.

थोरली : मग? तू ठेवलीस?

धाकटी : मी करत होते तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. म्हणाले, एवढी बोटं राहू देत, कुणाच्या लक्षात यायची नाहीत.