मॅजेंटाच्या रेघा

काकू : चार महिने झाले वन्संच्या पत्राला. साधी पोच दिली नाहीत तुम्ही. फोन आला की तोही माझ्याच हातात देता.

काका : आईचा फोटो नीट छापून सोबत पाठवावा, म्हटलं. नुसतं पत्र काय लिहायचं?

काकू : सोमवारी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. नंतर दिसेलच अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. आज पाचच्या टपालात गेलं तरच वेळेत पोचेल.

दुरुस्तीवाली : काका, हा प्रिंटर शेवटचा कधी चालवलात?

काका : पत्र आलं त्याच आठवड्यात. चेहरा किंचित पिवळट आला, म्हणून थांबलो.

दुरुस्तीवाली : बंद कसा करता? बटणाने?

काका : भिंतीवरच्या स्विचने. छापून झालं की लगेच. वीज कशाला जाळायची?

दुरुस्तीवाली : तिथेच घात झाला! बटण दाबलं की शाई सोडणारं हेड जागेवर जातं, त्याच्या तोंडावर झाकण बसतं. तुम्ही उघड्या तोंडाने झोपवलंत त्याला. छिद्रांत शाई सुकली.

काका : सकाळी मी सफाई केली की. आठ वेळा.

दुरुस्तीवाली : आठ? सफाई शाईनेच होते, काका! मॅजेंटा, म्हणजे लालसाठी लागणारी शाई, तळाला गेलीय. आता एक सफाई होईल, नाहीतर एक फोटो.

काकू : नवी शाई आणा ना.

दुरुस्तीवाली : या जुन्या मॉडेलची मागवावी लागते. चार दिवस जातात.

काका : मग काळ्यातच छाप.

काकू : काळ्यात? पहिल्या पगाराची लोकर आणून वन्संनी विणला होता तो स्वेटर. "आईच्या अंगावरचा लाल एकदा बघू दे," एवढंच मागितलंय त्यांनी.

दुरुस्तीवाली : थांबा. डिस्टिल्ड पाण्याचा ओला कपडा हेडखाली ठेवते. अर्धा तास भिजू दे. शाई खर्च होणार नाही.

काकू : अर्ध्या तासात पत्र होतं. हा घ्या कागद.

काका : उशिराचं कारण काय देऊ?

काकू : कारण नको. पत्र लिहा.

(अर्ध्या तासानंतर.)

दुरुस्तीवाली : हे तपासणीचं पान. मॅजेंटाच्या रेघा आल्या, दोन अजून तुटक आहेत. छापू?

काका : आणखी दहा मिनिटं भिजवलं तर?

काकू : चार पस्तीस झाले.

काका : बिघडला तर?

काकू : आणि नाही गेला तर?

काका : ...छाप.

दुरुस्तीवाली : हात लावू नका. येतोय.

काका : बाहीवर पांढरी रेघ! मी म्हटलं नव्हतं?

काकू : अहो, आधी चेहरा बघा.

काका : लाल... लालच आलाय गं.

दुरुस्तीवाली : शाई संपली. नवी मी मागवते. पण काका, आठवड्यातून एक रंगीत पान छापायचंच. आणि बंद करायचा तो बटणाने.

काका : दर आठवड्याला फोटो छापून करू काय?

काकू : ते वाटेत ठरवा. पळा!

*

काकू : बसा आधी, धाप लागलीय. गेलं?

काका : माझ्यासमोर थैलीत पडलं. पाकीट चिकटवण्याआधी पत्रात एक ओळ वाढवली.

काकू : कसली?

काका : नवी शाई आली की दर सोमवारी एक फोटो येईल. दिसला नाही, तर त्यात काय आहे ते मी फोनवर सांगेन.